सोळा गुण, १८५ प्रश्न आणि विश्रामबागेतला जिना

जिन्यापासून सुरुवात करतो, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनी इथवर वाचून थांबलं तरी चालेल. विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यापासून जरा आत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, मी पोरीला ज्यांच्याकडं स्वभावाच्या चाचणीसाठी घेऊन गेलो, त्या मानसशास्त्रज्ञ मॅडम बसतात. लिफ्ट नाही. पायऱ्या ४८. मोजल्या, कारण दम खायला थांबलो की काहीतरी मोजायची मला सवय आहे. मॅडमचं नाव इथं देत नाही. त्याच म्हणाल्या, "लिहायचं तर कामाबद्दल लिहा, नाव नको, आहे त्यांनाच वेळ पुरत नाही." विश्रामबागेत दोन ठिकाणी विचारलंत तर सापडतील.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सव्वीस हंगाम काढले. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, मूठभर हळकुंडं बाहेर काढायची, एक मोडून आतला रंग बघायचा, नखानं खरवडायचं, वास घ्यायचा आणि त्या मुठीवरून सगळ्या लॉटचा भाव धरायचा, हे आमचं रोजचं. त्यामुळं नमुन्यावरून माल ओळखणं आपल्याला जमतं, असा माझा समज आहे. माणसांच्या बाबतीतही तोच समज होता.

थोरली पोरगी अकरावी सायन्सला. सहामाहीत फिजिक्सला पन्नासात अकरा. घरात तीन मतं पडली. मी म्हणालो, आळस. बायको म्हणाली, क्लास बदलू. आई म्हणाली, "पोरीच्या डोक्यात दुसरंच काय तरी हाय, तिलाच इचारा की." आईचं कुणी मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात एका ओळखीच्यानं बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धी आणि स्वभाव सांगणाऱ्यांचा पत्ता दिला. बाहेरगावची माणसं होती, एका कार्यालयाच्या हॉलमध्ये दोन दिवस टेबल मांडून बसलेली. दहा बोटं यंत्रावर टेकवा, सहा हजार रुपये मोजा. आठ दिवसांनी बेचाळीस पानांचं गुळगुळीत रंगीत पुस्तक घरी आलं. त्यात पोरीचा उजवा मेंदू ५३.२७ टक्के आणि डावा ४६.७३ टक्के. शेवटच्या पानावर तिला शोभणारे व्यवसाय: डॉक्टर, इंजिनिअर, उद्योजक, कलाकार, प्रशासकीय अधिकारी. आता तुम्हीच सांगा, उरलं काय? आणि ते दोन दशांश! आमच्याकडं पोत्याच्या वजनातही कोण एवढ्या खाली जात नाही. दशांश बघितले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण पैसे देऊन झाले होते.

बायकोच्या मैत्रिणीनं या मॅडमचं नाव सुचवलं. "सहा हजार गेलेत, आता आणखी?" असं मी म्हणालो ते सगळ्यांनी ऐकलं आणि पुढच्या शनिवारी आम्ही जिना चढलो.

बाहेरच्या खोलीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा माठ आणि भिंतीवर हातानं लिहिलेला कागद: "येथे भविष्य सांगितले जात नाही." मला वाटलं गंमत म्हणून लावलाय. नंतर कळलं, लोक खरोखरच पत्रिका घेऊन येतात.

मॅडमनी ते बेचाळीस पानी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. हसल्या नाहीत, नावंही ठेवली नाहीत. आमच्याकडून नाव-गाव-शिक्षण असा एक साधा फॉर्म हातानं भरून घेतला आणि पंधरा मिनिटांनी आम्हा बापलेकींना वेगवेगळं बसवून एकेक कागद दिला. "तुमच्या अक्षरावरून काढलंय. पाचपैकी किती जुळतं ते लिहा." माझ्या कागदावर होतं की लोकांनी आपल्याला मानावं असं तुम्हाला वाटतं, पण स्वतःत खोट काढायची खोड आहे, वरून शिस्तीचे दिसता, आतून काळजी करता, अंगात बरंच काही आहे जे अजून वापरलं गेलेलं नाही. मी चार दिले. शेवटचं वाक्य वाचून तर डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पोरीनं पाच दिले. मग मॅडम म्हणाल्या, आता कागद बदलून बघा.

कागद एकच होता.

बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांवर हाच खेळ केला होता. वर्णनाची वाक्यं त्यानं फुटपाथवरच्या दुकानात मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलली होती आणि पोरांनी सरासरी पाचपैकी ४.२६ गुण दिले. "कुणालाही बसेल असा सदरा शिवला की प्रत्येकाला वाटतं, माझ्याच मापाचा आहे," एवढंच मॅडम बोलल्या. ठशांबद्दल त्यांनी दोन वाक्यं सांगितली. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि पुढं बदलत नाहीत, हे खरं. त्यांवरून मेंदूचा कुठला भाग किती टक्के चालतो हे कळतं, याला पुरावा नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनंही ते स्पष्ट सांगितलंय. सहा हजारांची गोष्ट तिथं संपली. पोरगी पाच गुण देऊन बसल्यामुळं आठवडाभर त्या विषयावर गप्प होती.

आता खऱ्या चाचणीबद्दल. मॅडम १६ पीएफ नावाची प्रश्नावली देतात. पीएफ म्हटल्यावर मला आधी भविष्य निर्वाह निधीच आठवला. इथं त्याचा अर्थ व्यक्तिमत्त्वाचे घटक, असे सोळा. तिच्या पाचव्या आवृत्तीत १८५ प्रश्न आहेत. बहुतेकांना तीन पर्याय, मधला पर्याय म्हणजे प्रश्नचिन्ह, दोन्हीकडं न झुकणाऱ्यांसाठी. वेळेचं बंधन नाही, पाऊण तासात होतं. पोरगी बसलीच होती, तेव्हा मीही म्हणालो, माझीपण घ्या. अर्ध्या पैशांत घेतली. व्यवहार म्हणून हे मला आवडलं.

प्रश्न साधे असतात, आणि तीच त्यातली मेख. गर्दीत बरं वाटतं का, ठरलेलं काम अर्ध्यावर सोडवतं का, लोक बोलतात एक आणि करतात एक असं वाटतं का, अशा धाटणीचे. (नेमके प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत अशी तंबी आहे, म्हणून हे माझ्या शब्दांत.) शंभरएक प्रश्नांनंतर माणूस थकतो आणि पवित्रा घ्यायचं विसरतो. मी मात्र पहिल्या शंभरात दोन-चार ठिकाणी स्वतःला जरा बरं दाखवलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते येतंच.

ही प्रश्नावली ज्यानं बनवली त्या रेमंड कॅटेलची गोष्ट मॅडमनी पोरीला सांगितली. मी शेजारी बसून ऐकली. या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा पाऊण तास, आणि त्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

कॅटेल १९०५ सालचा, इंग्लंडचा. मूळचा रसायनशास्त्राचा पदवीधर, लंडनमध्ये शिकलेला. पदवी हातात आल्यावर यानं ठरवलं, मानसशास्त्र करायचं. त्या काळी इंग्लंडात त्या विषयाला नोकऱ्याच नव्हत्या, मित्रांनी वेड्यात काढलं. तरी तो गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्पिअरमन नावाचे प्राध्यापक होते. मुलांच्या वेगवेगळ्या विषयांतल्या गुणांमागं एकच काहीतरी दडलेलं असतं का, हे शोधायचं गणित त्यांनी काढलं होतं. ते गणित कॅटेलच्या मनात बसलं. १९२९ला पीएच.डी. झाली, पण नोकरी मनासारखी नाही. एक्सेटरला शिकवलं, मग पाच वर्षं लेस्टर गावात शाळकरी मुलांच्या मानसशास्त्रीय दवाखान्यात काढली. १९३७ला थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात बोलावलं तेव्हा गाडी रुळावर आली. पुढं क्लार्क, मग हार्वर्ड, आणि १९४५ला इलिनॉय विद्यापीठ. तिथं तो १९७३पर्यंत टिकला. इलिनॉयची ओढ का, तर तिथं इलेक्ट्रॉनिक संगणक बांधायची तयारी चालली होती आणि याची गणितं हातानं करायला महिनोन्‌महिने लागत.

इथं पोरीनं विचारलं, "म्हणजे त्यानं सायन्स सोडलं?" मॅडम म्हणाल्या, "सोडलं कुठं? बरोबर घेऊन गेला." रसायनशास्त्रात जशी मूलद्रव्यं असतात, तशी स्वभावाची मूलद्रव्यं कुठली आणि किती, हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न होता. पोरगी खुर्चीत पुढं सरकून बसली. फिजिक्सच्या क्लासात ती अशी बसली असती तर मला जिना चढावा लागला नसता.

मूलद्रव्यं शोधायची कुठं? याचं उत्तर हार्वर्डच्या गॉर्डन ऑलपोर्टनं आधीच देऊन ठेवलं होतं: शब्दकोशात. ज्या गुणाचं माणसांना रोज काम पडतं त्याला माणसं शब्द करतातच. ऑलपोर्ट आणि त्याचा सहकारी ऑडबर्ट यांनी १९३६ साली वेबस्टरचा जाडजूड इंग्रजी कोश चाळून माणसाच्या वर्णनाचे १७,९५३ शब्द काढले. त्यातले साधारण साडेचार हजार पक्क्या स्वभावाचे. कॅटेलनं ते साडेचार हजार घेऊन समानार्थी एकत्र केले, १७१ वर आणले, मग माणसांना एकमेकांचं मूल्यमापन करायला लावून आणखी गाळले, आणि शेवटी १६. पहिली १६ पीएफ १९४९ साली निघाली.

घरी आल्यावर पोरीनं रफ वही काढली आणि म्हणाली, आपण मराठीत करूया. रात्री जेवणानंतर चौघं बसलो. मला वाटलं होतं पन्नासाला दमू. आईनं एकटीनं शंभर ओलांडले. चेंगट, हेकट, तिरसट, घुमा, वाचाळ, आगाऊ, भोळसट, बेरकी, इरसाल, लाघवी, चिवट, धांदरट, टापटीप, उधळ्या, कवडीचुंबक, एककल्ली, आतल्या गाठीचा, तोंडपुजा, मनमिळाऊ, काळीजउलटा, खुनशी, आपमतलबी, दिलदार. प्रत्येक शब्दाला तिनं भावकीतला एक माणूस लावला, त्यामुळं वही आता पाहुण्यांच्या हाती लागू न देणं आलं. तोट्याचे शब्द जास्त निघाले, कौतुकाचे कमी. बायको म्हणाली, कौतुकाला "बरा आहे" एवढं पुरतं.

पुढच्या भेटीत वही दाखवली तेव्हा मॅडमनी त्यातले वीस शब्द फळ्यावर लिहिले आणि पोरीला म्हणाल्या, ओळखीची दहा माणसं घे, प्रत्येकाला प्रत्येक शब्दावर एक ते पाच गुण दे. ते झाल्यावर दिसलं की टापटीप आहे तो बहुतेक वेळेवर येणाराही आहे आणि उधार वेळेत देणाराही. वाचाळ आहे तो लग्नात पुढं पुढं करणाराही. पण टापटीप आणि वाचाळ यांचा एकमेकांशी संबंध नाही. जे शब्द जोडीनं चढतात-उतरतात ते एका गाठोड्यात बांधायचे. दहा माणसं घेऊन शास्त्र होत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. पण हजारो माणसं आणि संगणक घेतले की याच कामाला घटक विश्लेषण म्हणतात. मी बारावी कॉमर्स, मला कळलं. म्हणजे कुणालाही कळेल.

आता किती गाठोडी बांधायची, यावर या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणं आहेत. कॅटेलनंच १९६६ला त्यावर एक युक्ती काढली. गाठोडी मोठ्यापासून लहानापर्यंत आलेखावर मांडायची. आधी कड्यासारखा सरळ उतार दिसतो, मग पायथ्याला घरंगळून साचलेल्या दगडगोट्यांसारखा सपाट भाग. कडा जिथं संपतो तिथं थांबायचं, गोटे मोजायचे नाहीत. मॅडमनी उदाहरण दंडोबाच्या डोंगराचं दिलं, ते आम्हा दोघांनाही लगेच पटलं. श्रावणात आम्ही तिथं जातोच.

मजा अशी की कॅटेलचीच सामग्री इतरांनी चाळली तेव्हा सोळा निघेनात. १९४९ला फिस्क नावाच्या संशोधकाला पाच मिळाले, १९६१ला अमेरिकी हवाई दलात काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांनाही पाचच. पुढं १९८१ला लुईस गोल्डबर्ग या मानसशास्त्रज्ञानं त्यांना "बिग फाइव्ह" असं नाव दिलं आणि आज संशोधनात तेच जास्त चालतं: नव्याची आवड, कामातली चोखता, माणसांत मिसळणं, जमवून घेणं आणि मनाची घालमेल. मी सरळ विचारलं, मग तुम्ही सोळावाली चाचणी का देता? उत्तर मला आवडलं. म्हणाल्या, "पाच हे मोठे ढीग. संशोधनाला ढीग बरे. समोर एकच मुलगी असेल तेव्हा मला जरा बारीक चाळण लागते. शिवाय याच चाचणीत शेवटी सोळाचे पाच करूनही मिळतात." आमच्याकडंही तसंच. भाव ठरवताना हळकुंडं आणि गड्डे असे मोठे ढीग, पण लोणच्याच्या कारखान्याला माल द्यायचा तर आणखी निवडावं लागतं.

एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. १९९७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं कॅटेलला जीवनगौरवाचं सुवर्णपदक जाहीर केलं आणि लगेच गदारोळ उठला, कारण वंश सुधारण्याच्या नावाखाली त्यानं आयुष्यभर जे लिहिलं होतं ते पुढं आलं. पदक थांबवलं, मग त्यानं स्वतःच ते नको म्हणून कळवलं, आणि फेब्रुवारी १९९८मध्ये होनोलुलूला तो वारला. माणसाचे गुण मोजता मोजता माणसांच्या जातकुळीची प्रतवारी लावायचा मोह या विषयाला पहिल्यापासून आहे, असं मॅडम म्हणाल्या. पोरीला ते फार लागलं. "मग त्याची चाचणी आपण का वापरायची?" यावर मॅडमनी गुळगुळीत उत्तर दिलं नाही. चाचणी पुढं अनेकांनी तपासली, दुरुस्त केली, ती आता एकट्याची राहिलेली नाही, एवढं सांगितलं आणि म्हणाल्या, प्रश्न मनात राहू दे.

आता निकाल. इथं बाजारू रिपोर्टमधला आणि यातला फरक कळतो. बेचाळीस पानांच्या जागी तीन पानं. प्रत्येक गुणाला एक ते दहामधला आकडा, सरासरी साडेपाच. दशांश नाहीत. आणि प्रत्येक आकड्याच्या दोन्ही बाजूंना मॅडमनी पेन्सिलीनं एकेक घर रंगवलेलं. "सात म्हणजे सात नव्हे, सहा ते आठ धरा. पुढच्या महिन्यात परत दिलीत तर सहा येईल, घाबरू नका." सव्वीस वर्षांत मी एवढा प्रामाणिक वजनकाटा बघितला नाही. आमच्या धंद्यात जो म्हणतो माझा सगळा माल एक नंबर, त्याच्या पोत्यात आम्ही नळी जरा खोल घालतो.

पोरीचे आकडे तिचे आहेत, इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, आळसाचा कुठं पत्ता नव्हता. कामातली चोखता सरासरीच्या वर आणि कल्पनेत रमणंही बरंच वर. मॅडम म्हणाल्या, या आकड्यांवरून तिनं काय व्हावं हे सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तर जिना उतरा. मी म्हणालो, मग पैसे कशाचे? त्या म्हणाल्या, "तुम्ही तिला आळशी म्हणता, ते किती खरं ते बघायचे." यावर बोलायला काही उरलं नाही.

माझा निकाल. एका गुणावर नऊ आले. मॅडमनी सांगितलं, या घटकाला हल्ली दक्षता म्हणतात, पूर्वी संशयीपणा म्हणायचे. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हे कळायला पैसे द्यावे लागले व्हय?" दुसरं म्हणजे आपलं चित्र किती रंगवून दाखवलंय हे पकडायचे वेगळे प्रश्न त्यात पेरलेले असतात. तिथंही माझा आकडा चढला. मॅडम हळदीवाल्यांना ओळखून आहेत. म्हणाल्या, "पॉलिश दिसतंय."

वाद घालायचा म्हणून मी विचारलं, मी दुकानात संशयी आहे, मान्य, पण घरी पाकीट उघडं टाकतो, त्याचं काय? मला वाटलं कोंडीत पकडलं. त्या उलट खूश झाल्या. म्हणाल्या, वॉल्टर मिशेल म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, व्हिएन्नात जन्मलेला, नाझींमुळं लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेत गेलेला. त्यानं १९६८ साली हाच मुद्दा मांडून या सगळ्या विषयाची झोप उडवली. चाचणीतला गुण आणि माणसाचं एखाद्या प्रसंगातलं वागणं यांचा मेळ ०.३० च्या आसपासच बसतो, असं त्यानं दाखवलं. एक म्हणजे पूर्ण मेळ, शून्य म्हणजे काहीच नाही. मग बाकीच्यांनी पंधरा-वीस वर्षं खपून उत्तर काढलं: एका प्रसंगावर जाऊ नका, पुष्कळ प्रसंगांची सरासरी घ्या, मग गुण दिसतो. एका हळकुंडावरून लॉट ठरत नाही, मूठ लागते. हे मला कुणी १९६८ सालीच विचारलं असतं तर सांगितलं असतं. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता ही गोष्ट वेगळी.

शेवटच्या भेटीत पोरीनं विचारलं, "मॅडम, तुमच्यासारखं व्हायला काय करावं लागतं?" मी मनात म्हटलं, झालं. पण मॅडमनी भुरळ घातली नाही. बी.ए.ला मानसशास्त्र, मग एम.ए., मग वाट फुटते. रुग्णांवर उपचार करायचे असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं वेगळं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. शिकवायचं असेल तर नेट-सेट, पीएच.डी. आणि मग जागा निघायची वाट. त्यांनी स्वतः स्वभावगुणांवर पीएच.डी. करून नऊ वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलं. सुट्टीत पगार नाही, जूनमध्ये परत मुलाखत. मग तो नाद सोडून ही खोली घेतली. कुपवाड एमआयडीसीतले काही कारखाने भरतीच्या वेळी बोलावतात, शाळा बोलावतात, त्यावर चालतं. २०१९च्या महापुरात त्या निवारा केंद्रावर जाऊन बसत होत्या. तिथं कुठली चाचणी काढली का, असं पोरीनं विचारलं. म्हणाल्या, "नाही गं. घर पाण्यात गेलेल्या माणसाला सोळा गुण कसले विचारतेस? नुसतं ऐकायचं." मिळकतीचं विचारलं ते मी. आकडा इथं देत नाही, पण हळदीचा दिवाणजी ऐकून गप्प बसला.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर मॅडमनाच संशय येईल.

रिपोर्ट इंग्रजीत आहे. समजावून मराठीत सांगतात, छान सांगतात, पण घरी आईला दाखवायचा तर काय दाखवू? चार ओळी मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे? आठ दिवसांत देतो म्हणाल्या, सतरा दिवस लागले, दोनदा फोन करावा लागला. फोन दुपारी बंद असतो. पुढच्या माणसाची वेळ झाली तरी बोलणं आटपत नाही, त्यामुळं तुमची पाचची वेळ सहाला लागते. माठातलं पाणी मात्र गार असतं. खाली गाडी लावायला जागा नाही. मी दोनदा गाडी लांब लावून चालत आलो, एकदा दंड भरला. फी अडीच हजार, त्यात तीन भेटी. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितली की लगेच मिळते.

आणि एक. कुणी लग्न जमवायला म्हणून मुलीची किंवा मुलाची चाचणी करून घ्यायला जाणार असाल तर जाऊ नका, परत पाठवतात. माझ्यासमोरच कवठेमहांकाळकडच्या एका कुटुंबाला पाठवलं. मुलगा बिचारा ४८ पायऱ्या चढून आला होता.

पोरीचं म्हणाल तर सायन्स सध्या चालू आहे. वार्षिक परीक्षा होऊ दे, मग बोलू, असं तिचं आणि माझं ठरलंय. फिजिक्सचा क्लास मात्र बंद केला, तिच्याच म्हणण्यावरून. आई आता म्हणते, "माझीबी परीक्षा घ्या म्हणावं, बघू काय निघतंय." जिन्याचं सांगितलं तर म्हणाली, मॅडमलाच खाली बोलवा.

चाळिशी लागलेल्यांनी चष्मा विसरू नये, उत्तरपत्रिकेतले गोळे बारीक आहेत. शनिवारी जाऊ नका, गर्दी असते. गुण द्यायचे तर दहापैकी सात. म्हणजे सहा ते आठ धरा.